गांजा, वेड आणि एक रकाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथे सरकारी वेड्यांची इस्पितळे होती, आणि त्यांपैकी कोणत्याही इस्पितळात एखादा भ्रमिष्ट इसम दाखल व्हावयाचा म्हणजे त्याच्याबरोबर एक कागद येत असे. इसमाचे नाव, जात, वय, धंदा, त्याच्या वागणुकीचा तपशील अशी माहिती पोलिसांनी गोळा करावयाची आणि मॅजिस्ट्रेटच्या सहीने ती पुढे जावयाची, असा त्या वर्णनपत्राचा शिरस्ता होता. आणि त्यातच वेडाचे कारण काय, असा एक रकाना होता. रकाना कोरा राहिला तर वरून विचारणा होते, हे जाणणारा अंमलदार तो कसा भरील याची कल्पना करणे अवघड नाही. इसमाच्या नातेवाइकांस, आणि नातेवाईक सापडले नाहीत तर चावडीवर जमलेल्या चार जणांस, 'हा गांजा ओढीत असे काय?' एवढे विचारावे, कोणी मान डोलावली की त्या रकान्यात 'गांजा' असा शब्द लिहावा, आणि कागद बंद करावा. इस्पितळाचा अधिकारी तोच शब्द आपल्या नोंदवहीत उतरवून घेई, वर्षअखेरीस नोंदवहीवरून तक्ता तयार होई, तक्ता वार्षिक अहवालात छापला जाई, आणि तो अहवाल वाचून पुढे डॉक्टर मंडळी आपल्या अनुभवाने बोलत की गांजाने माणसास वेड लागते हे सिद्धच आहे. पोलीस शिपायाच्या तर्काचा असा शास्त्रीय सिद्धान्त होईपर्यंत मधल्या कोणत्याही पायरीवर त्याची फेरतपासणी झालेली नसे.

हा प्रकार उघडकीस आला तो एका राजकीय प्रश्नाच्या निमित्ताने. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये विल्यम स्प्रॉस्टन केन या सभासदांनी बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयी आणि व्यापाराविषयी प्रश्न विचारला, व त्याचे लोकांच्या शरीरावर आणि नीतीवर काय परिणाम होतात याची चौकशी व्हावी अशी मागणी केली. केन हे मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि राष्ट्रीय सभेचे स्नेहीही होते. तेव्हा हिंदुस्थानच्या हितशत्रूने सरकारास अडचणीत आणण्याकरिता काढलेली ही कुरापत होती असे कोणास म्हणता आले नसते. उलट, अबकारीचे उत्पन्न ज्याच्या तिजोरीत पडत होते त्या सरकारासच उत्तर देणे जड जात होते. अफूच्या प्रश्नावर त्याच वर्षी लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली वेगळे रॉयल कमिशन नेमले गेले होते. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी गांजाची चौकशी बंगालपुरती सुचवली. हिंदुस्थान सरकारने तिची व्याप्ती सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाइतकी वाढवली, आणि जुलै १८९३ मध्ये भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला.

या आयोगाचे अध्यक्ष पंजाबातील वरिष्ठ महसुली अधिकारी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे होते. सभासदांत मुंबई इलाख्यातील कलेक्टर ओमानी, मध्य प्रांतातील कमिशनर फ्रेझर आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन हे युरोपियन होते, आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, पंजाबचे कंवर हरनामसिंग व मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तिघे एतद्देशीय होते. यांपैकी फ्रेझर हे पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, आणि वंगभंगाच्या दिवसांत त्यांच्या आगगाडीखाली बॉम्ब उडवण्याचा प्रयत्न झाला, म्हणून आपल्याकडील जुन्या वाचकांस त्यांचे नाव परिचयाचे आहे. गांजाच्या चौकशीत त्यांनी किती चिकाटीने भाग घेतला होता ते मात्र फारसे कोणास ठाऊक नाही.

३ ऑगस्ट १८९३ रोजी कलकत्त्यास पहिली बैठक भरली आणि सुमारे वर्षभराने, ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्यास अहवालावर सह्या झाल्या. दरम्यान आयोगाने देशभर प्रवास करून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले. प्रत्येक साक्षीदारास पाठवावयाच्या प्रश्नावलीत ७० प्रश्न होते: आपल्या भागात हे पीक कोठे होते, कोण लावतो, कोण ओढतो, एकट्याने की चौघांत बसून, सवय बापाकडून मुलाकडे जाते काय, दम्यावर किंवा अपचनावर औषध म्हणून उपयोग होतो काय, गांजाच्या तारेत कोणी खून केल्याचे आपणांस स्वतः माहीत आहे काय. अहवाल आणि जबान्या मिळून सात खंड झाले, आणि त्यांची पृष्ठसंख्या तीन हजारांच्या वर गेली. मादक द्रव्यांविषयी एवढी विस्तृत चौकशी त्यापूर्वी कोणत्याही देशात झालेली नव्हती.

ते खंड चाळताना प्रथम मन गुंतते ते पिकाच्या वर्णनात. गांजा म्हणजे मादी झाडाचे, फळ न धरलेले फुलोरे. शेतात एखादे नर झाड राहून गेले तर त्याच्या परागाने आसपासच्या फुलांत बी धरते, राळ कमी होते आणि मालाची किंमत उतरते. म्हणून राजशाही जिल्ह्यातील नौगावच्या 'गांजा महाला'त, म्हणजे आजच्या बांगलादेशात, शेतकरी पोद्दार नावाचा जाणकार भाड्याने बोलावीत. फुले उमलण्याच्या आधीच, नुसत्या पानांच्या ठेवणीवरून आणि कळ्यांच्या लक्षणांवरून नर-मादी ओळखीत हा मनुष्य सरीतून पुढे सरके, आणि त्याने दाखवलेली नर झाडे उपटून टाकली जात. कापणीनंतर फुलोरे पायांनी तुडवून चपटे केले तर तो चपटा गांजा, वळून गोल केले तर गोल, आणि खाली पडलेला भुगा तो चूर. या तिन्ही मालांवर कर वेगवेगळा होता. आपल्या बाजूस अहमदनगर जिल्हा या पिकाचे मुख्य ठिकाण होता, मध्य प्रांतात खांडव्याच्या आसपास ते होई, आणि चरस तर यारकंदहून लेहच्या वाटेने घोड्यांच्या पाठीवरून पंजाबात उतरत असे.

वापराचे वर्णनही तितकेच तपशिलाचे आहे. चिलमीस ओली छापी गुंडाळून पाचसहा जणांच्या कोंडाळ्यात फिरणारा गांजा गोसावी-बैराग्यांइतकाच ओझी वाहणाऱ्या हमालांचा, पालखीच्या भोयांचा आणि हिवतापाच्या मुलखात चिखलात उभे राहून काम करणाऱ्या मजुरांचा होता. भांग तालमीतल्या पहिलवानांची आणि सणावारी सुखवस्तू गृहस्थांचीही होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल हे त्या वेळी मुंबईस जमाबंदी, जकात व अफू खात्याचे कलेक्टर होते. भांगेचे धार्मिक स्थान या विषयावर त्यांनी आयोगास एक टिपण लिहून दिले, आणि ते अहवालाच्या परिशिष्टांत छापले आहे. सरकारी कागदपत्रांत इतके भक्तिभावाने लिहिलेले टिपण सहसा आढळत नाही. जकातीच्या साहेबास शंकराच्या प्रिय वनस्पतीविषयी एवढी आत्मीयता वाटावी हे पाहून वाचकास हसू येते, आणि त्याबरोबर त्याच्या व्यासंगाविषयी आदरही वाटतो.

पण आयोगाचे खरे श्रेय त्याने वेडाच्या प्रश्नाचा जो उलगडा केला त्यात आहे. जबान्या घेताना सभासदांच्या ध्यानात आले की गांजाने वेड लागते असे छातीठोकपणे सांगणाऱ्या बहुतेक साक्षीदारांस, 'आपण प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण सांगा' असे म्हटले की ते इस्पितळांच्या आकड्यांकडे बोट दाखवीत. इस्पितळांच्या अधिकाऱ्यांस आकडे कोठून आले असे विचारले की ते वर्णनपत्राकडे बोट दाखवीत. आणि वर्णनपत्र लिहिणाऱ्या पोलिसास गांजा हे कारण वाटले होते, कारण गांजाने वेड लागते हे सर्वांस ठाऊकच होते. या चक्राच्या बाहेर पडण्याचा एकच मार्ग होता, आणि तो अतिशय कष्टाचा होता. आयोगाने १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्व इस्पितळांत दाखल झालेल्या रोग्यांची संख्या घेतली. ती १३४४ होती. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लिहिलेले होते. ही प्रकरणे कागदावरच वाचून न थांबता त्यांची मुळापासून फेरचौकशी करविण्यात आली: रोगी ज्या गावचा त्या गावी तपास, आप्तस्वकीयांच्या जबान्या, आणि डॉक्टरांची नव्याने तपासणी.

या तपासात जे निष्पन्न झाले त्याची मौज काही औरच आहे. कित्येक इसमांनी गांजास कधी स्पर्शही केलेला नव्हता. कित्येक गांजा ओढीत होते खरे, पण त्यांच्या घराण्यात वेड होते, किंवा त्यांस अपस्माराचे झटके येत, किंवा ते दारूही तितकीच पीत होते, आणि रकान्यात एकाच कारणास जागा होती. काहींच्या बाबतीत असे आढळले की मनुष्य आधी भ्रमिष्ट झाला, घर सोडून बैराग्यांच्या संगतीस लागला आणि तेथे चिलीम ओढू लागला. म्हणजे ज्यास कारण मानले ते वस्तुतः कार्य होते. काही तर केवळ तारेत असताना पकडले गेलेले इसम होते. इस्पितळात चार दिवस ठेवल्यावर शुद्धीवर आले, आणि नोंदवहीत 'वेड बरे झाले' असा शेरा पडला. या सर्वांची वजावट करता गांजावर्गीय द्रव्यांचा संबंध वाजवी रीतीने मान्य करता येईल अशी ९८ प्रकरणे उरली, म्हणजे शेकडा ७.३, आणि ज्यांत दुसरे कोणतेही कारण आढळले नाही अशी अवघी ६१, म्हणजे शेकडा ४.५. शून्य उरले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आयोगाने आपला निष्कर्ष तितकाच मर्यादित ठेवला: मध्यम प्रमाणातील सेवनाने मनावर अपाय होत नाही, अतिरेकी सेवनाने, आणि विशेषतः ज्याच्या प्रकृतीत मुळातच दौर्बल्य आहे त्याच्या बाबतीत, वेड उद्भवू शकते, आणि अतिरेकी सेवन करणारांचे प्रमाण एकंदर सेवन करणारांत लहान आहे.

खुनांच्या बाबतीतही हीच रीत अवलंबली. गांजाच्या धुंदीत तलवार घेऊन धावत सुटलेल्या माणसांच्या ज्या कथा साक्षीदारांनी सांगितल्या, त्यांच्या खटल्यांची दप्तरे न्यायालयांतून मागवून वाचली असता बहुतेकांत गांजाचा धागा सापडेना. शिवाय डॉ. कनिंगहॅम यांच्याकडून माकडास गांजाचा धूर देऊन प्रयोग करविण्यात आले आणि शवच्छेदनात मेंदूस कोणतीही इजा दिसली नाही. पण एवढ्यावरून मनुष्याविषयी फार काही सिद्ध होते असे म्हणवत नाही.

आयोगात दोष नव्हते असे नाही. साक्षीदारांच्या यादीत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, वकील आणि धर्मोपदेशक यांची गर्दी आहे. ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालला तो गांजेकस तेथे क्वचितच स्वतःच्या तोंडाने बोलतो. अबकारीचे उत्पन्न बुडू नये ही सरकारची इच्छा सभासदांस अवगत नव्हती असे मानणे भाबडेपणाचे होईल. शिवाय तिघा एतद्देशीय सभासदांपैकी राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. मुलूख ज्यांचा त्यांतील दोघांस अहवाल सौम्य वाटावा, याचा आजच्या काळी अहवालाचे गोडवे गाणाऱ्यांनी थोडा विचार करावयास हवा. तरीही या पुराव्याची छाननी ज्या शिस्तीने झाली ती नाकारता येत नाही. निष्कर्ष सरकारास सोयीचा होता एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

शिफारशींत आयोगाने संपूर्ण बंदी अनावश्यक आणि गैरसोयीची ठरवली. बंदी घातली तर लोक दारूकडे आणि, त्याहून वाईट, धोत्र्याकडे वळतील. साधू-बैराग्यांच्या धर्माचारात हात घातल्यासारखे होईल. आणि रानोमाळ आपोआप उगवणाऱ्या झाडावर पहारा ठेवण्याच्या निमित्ताने पोलिसांस लोकांना छळण्याचे एक नवे हत्यार मिळेल, ही त्याची कारणे होती. त्याऐवजी लागवड परवान्याखाली मर्यादित क्षेत्रातच व्हावी, माल सरकारी देखरेखीच्या वखारीतून निघावा, वजनावर ठरीव कर बसावा, दुकाने थोडी असावीत आणि एका इसमाजवळ किती माल असावा यास मर्यादा असावी, अशी योजना त्याने पुढे मांडली. नुसत्या मक्त्याच्या लिलावावर सारा भार टाकण्यापेक्षा बंगालमधील ठरीव कराची पद्धत त्यास पसंत होती, कारण ज्या मक्तेदाराने लिलावात मोठी रक्कम ओतली आहे तो खप वाढवण्याची खटपट केल्याविना राहणार नाही. व्यसन समूळ नाहीसे होत नसेल तर त्यापासून होणारी हानी शक्य तितकी उतरवावी, या ज्या विचारास आज सार्वजनिक आरोग्यशास्त्रात हानि-न्यूनीकरण म्हणतात, आणि ज्यातून सुया वाटण्याचे व अफूवर्गीय व्यसनांवर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे देण्याचे कार्यक्रम निघाले, त्याच्याशी या योजनेचे नाते स्पष्ट दिसते. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आयोगाच्या योजनेत रोग्यासाठी दवाखाना कोठेच नव्हता. होती ती फक्त दुकाने, वखारी आणि कर.

एवढ्या परिश्रमांनी उलगडलेली वेडाच्या आकड्यांची गुंतागुंत जगाच्या ध्यानात राहिली असती तर पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता. पण सात खंड दप्तरात पडून राहिले. कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख जॉन वॉर्नॉक यांनी १९०३ मध्ये हशीशजन्य वेडावर लेख लिहिला तो पुन्हा इस्पितळातील अनुभवाच्याच आधारे. आणि १९२५ च्या सुमारास जिनीव्हा येथे भरलेल्या अफूविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत ईजिप्तचे प्रतिनिधी एल गिंदी यांनी आपल्या देशातील वेडाच्या प्रकरणांपैकी शेकडा ३० ते ६० हशीशमुळे घडतात असे सांगून ही वनस्पती कराराच्या कक्षेत आणविली. हिंदुस्थानच्या प्रतिनिधीने आपल्या लोकांच्या चालीरीतींचा मुद्दा काढून आढेवेढे घेतले, पण १८९२ च्या नोंदवह्यांत काय सापडले होते त्याचा प्रभाव त्या सभागृहात पडला नाही. पुढे १९६१ च्या करारात वैद्यकीय नसलेला वापर २५ वर्षांत बंद करण्याची अट आली, आणि १९८५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा झाला. त्यात गांजा आणि चरस यांवर बंदी आली. शेंड्यावेगळी पाने मात्र व्याख्येतून सुटली, आणि त्यांबरोबर भांगही सुटली. अमेरिकेत हा जुना अहवाल १९६९ मध्ये पुन्हा छापला गेला तो तेथील तरुणांच्या गांजाचा प्रश्न पेटल्यामुळे. आता तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांस वाचावयास खुला केला आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. आयोगाने जुन्या आकड्यांची पोल फोडली म्हणून गांजा आणि मनोविकार यांचा संबंधच नाही, असा अर्थ काही उत्साही मंडळी काढतात; तो बरोबर नाही. १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६९-७० मध्ये सक्तीच्या लष्करभरतीसाठी आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांस त्यांच्या सवयी त्याच वेळी विचारून ठेवल्या होत्या, आणि पुढील १५ वर्षांत त्यांच्यापैकी कोणास स्किझोफ्रेनिया झाला ते इस्पितळांच्या नोंदींवरून पाहिले. भरतीपूर्वी ५० हून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत हे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. यातील रीत लक्षात घेण्याजोगी आहे. येथे प्रश्न आधी विचारला आणि रोग नंतर मोजला, त्यामुळे रोग्याकडे पाहून कारण लिहिण्याची सोयच राहिली नाही. तरीही ज्याच्या मनात रोगाचे बीज आधीच होते तोच गांजाकडे अधिक ओढला गेला काय, हा १८९४ चा प्रश्न शास्त्रज्ञांनी येथेही उपस्थित केला, आणि त्यावर अद्याप वाद चालू आहे. अल्पवयात सुरू झालेले, रोजचे आणि तीव्र मालाचे सेवन अधिक धोक्याचे, एवढे मात्र त्यानंतरच्या बहुतेक अभ्यासांत दिसून आले आहे. मध्यम आणि अतिरेकी यांत आयोगाने काढलेली रेघ त्यामुळे पुसली जात नाही, उलट अधिक ठळक होते.

आपल्या कायद्यातही या रेघेची एक पुसट खूण आहे. कलम ६४-अ नुसार अल्प मालासह सापडलेला व्यसनी इसम सरकारी वा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालू नये अशी तजवीज आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ या वयोगटातील शेकडा २.८, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी मागील वर्षभरात या वनस्पतीचा कोणता ना कोणता पदार्थ घेतल्याचे आढळले; त्यांत भांग घेणारे शेकडा २ आणि गांजा-चरस घेणारे शेकडा १.२ होते. किती जण सेवन करतात एवढे विचारून पाहणी थांबली नाही. सेवनामुळे ज्यांच्या जीवनात बिघाड झाला आहे आणि ज्यांस मदतीची गरज आहे अशांची वेगळी गणना तीत आहे, आणि ती सुमारे ७२ लाख भरली; भांगेपेक्षा गांजा-चरस घेणारांत अशांचे प्रमाण अधिक होते.